बोट सुटते त्या दिवशीचं धुणं

आमच्या घरमालकांनी आम्हाला भाडेकरू म्हणून पसंत केलं, ते माझ्या नवऱ्याला बोट लागत नाही म्हणून. पगार किती, कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत, मांसाहार करता का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. दार उघडलं, आम्हाला नखशिखान्त न्याहाळलं आणि मराठीत म्हणाले, "बोटीतून कधी गेलायत? पोटात ढवळतं का?" नवऱ्यानं अलिबागच्या लाँचचा अनुभव सांगितला. "छान. या," म्हणाले.

ते आम्हाला कार्डिफच्या महाराष्ट्र मंडळातून सापडले होते. तिथे सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही. चाळीसेक वर्षांपूर्वी इथे आलेले, सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढता काढता रिटायर झालेले, काकू जाऊन काही वर्षं झालेली. वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. पण वर पोचायला त्या पहिल्या दिवशी बराच वेळ लागला, कारण जिन्याच्या भिंतीवर पायरीगणिक एक शिडाची बोट टांगलेली होती आणि नव्या माणसानं प्रत्येक पायरीवर थांबायचं असा त्या घराचा नियम होता. सगळी चित्रं लायब्ररीतून फोटोकॉपी करून आणलेली. त्यातली एकही मराठी बोट नव्हती, ब्रिटिशही नव्हती. सगळ्या आयरिश. एकोणिसाव्या शतकातल्या, दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, किनाऱ्याकिनाऱ्यानं माल वाहणाऱ्या स्कूनर.

"आयरिशच का हो काका?" मी विचारलं. आम्ही पुण्याचे. समुद्राशी आमचा संबंध गणपतीपुळ्यापुरता.

"कारण बाकीचे शहाणे होते," ते म्हणाले. "वाफेची बोट आल्यावर त्यांनी शिडं विकून टाकली. आर्कलोसारख्या छोट्या आयरिश बंदरातल्या लोकांनी ती टाकलेली जहाजं विकत घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं हाकली. आमच्या विजयदुर्गच्या खाडीत हेच. मुंबईला ट्रक धावायला लागले तरी आमची गलबतं कौलं भरून निघालेलीच."

एवढं बोलून झाल्यावर आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो.

हळूहळू मलाही त्या बोटींची माहिती झाली, जशी शेजारच्यांच्या नातेवाइकांची होते. बोट येताना आयर्लंडमधून लाकडाचे ओंडके आणायची. वेल्समधल्या कोळशाच्या खाणींना आतून टेकू द्यायला ते लागत. जाताना कार्डिफचा कोळसा. जहाजावर माणसं पाच-सहाच, कॅप्टन धरून, आणि ती बहुतेक एकाच गल्लीतली. भाऊ, मेहुणा, सख्खा शेजारी. खाणं म्हणजे बटाटे, कोबी आणि खारवलेले मासे. जिथे धक्का नसेल तिथे भरतीच्या वेळी बोट सरळ वाळूवर चढवायची, ओहोटीला ती कोरडी पडली की घोडागाड्या बाजूला लावून कोळसा उतरवायचा आणि पुढच्या भरतीला तरंगून चालू पडायचं. "आमच्याकडे घोडे नव्हते. बायका पाट्यांनी कौलं उतरवत. बाकी तेच," काका म्हणायचे.

रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. आयरिश समुद्राचं नाव आलं की काका तर्जनी वर करत आणि ते ऐकून होईपर्यंत चहा गाळायचा नाही. वास्तविक त्यांची स्वतःची बोट नव्हती. पोहायलाही येत नव्हतं.

कुठल्याही खोळंब्याला ते "वाऱ्यानं अडलोय" म्हणायचे. बस चुकली तरी तेच, डेंटिस्टची अपॉइंटमेंट पुढे गेली तरी तेच. माझ्या नवऱ्याचा व्हिसा वाढवायचा होता तेव्हा क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसातून उत्तरच येईना. पासपोर्ट तिकडे अडकलेले, त्याच्या वडिलांचं ऑपरेशन पुण्यात ठरलेलं, आम्ही दोघं हवालदिल. काका एका संध्याकाळी वर आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून गोष्ट सांगू लागले. एक स्कूनर वारा उलटा म्हणून एका भूशिराच्या आडोशाला आठवडेच्या आठवडे पडून राहिली. खलाश्यांनी काय केलं? एकानं गावातल्या विधवेचं छप्पर शाकारून दिलं. एकानं बटाट्याच्या शेतात मजुरी केली. स्वयंपाक्यानं तर लग्नच केलं.

"काका, आम्हाला छप्पर शाकारता येत नाही," माझा नवरा वैतागून म्हणाला. "आणि लग्न झालंय."

"सांगायचा मुद्दा असा," काका शांतपणे म्हणाले, "की त्यातला कुणीही वाऱ्याला पत्र लिहीत बसला नाही." मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. पण त्या रात्री आम्ही बऱ्याच दिवसांनी हसलो, हेही खरं.

मंडळात त्यांचा धसका होता. एका गणपतीत त्यांना 'निवृत्तीनंतरचे आरोग्य' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. त्यांनी 'निवृत्तीनंतर माणसाला एक नाद हवा' असं पहिलं वाक्य टाकलं आणि दुसऱ्या वाक्यात स्कूनरला हात घातला. अर्ध्या तासानं अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. ती त्यांनी मोठ्यानं वाचली, "'काका, प्लीज रॅप-अप करा, आरती वेटिंगमध्ये आहे.' हं. तर बोट आता वाळूवर आहे. भरती आल्याशिवाय हलता येत नाही." त्यांची मुलगी लंडनहून आलेली होती. ती पहिल्या रांगेतून उठून म्हणाली, "बाबा, इनफ झाला. सगळ्यांचा पोट ओरडतोय." तेव्हा कुठे भरती आली.

तर हे असे काका. आणि त्यांच्याशी माझं एकदाच भांडण झालं, ते वॉशिंग मशीनवरून.

माझा नवरा दर सोमवारी पहाटेच्या ट्रेननं ब्रॅकनेलला ऑफिसला जायचा आणि शुक्रवारी परत यायचा. सोमवारी मी दुपारी युनिव्हर्सिटीत जायची, त्यामुळे सकाळ धुणं लावायला बरी. खालच्या किचनमधलं मशीन सामायिक होतं. मी कपडे टाकून बटण दाबावं आणि थोड्या वेळानं खाली यावं तर मशीन बंद. प्लग काढलेला. असं दोन-तीन सोमवार झालं. शेवटी मी विचारलं.

"आज नको. तुझा नवरा सकाळीच गेलाय ना? उद्या लाव."

"त्याचा काय संबंध?"

"घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्या दिवशी धुणं काढू नये."

आमच्याकडेही माणूस गावाला गेल्यावर लगेच केर काढत नाहीत, न्हात नाहीत. माझी आजी पाळायची. पण एक्स-रे काढण्यात हयात घालवलेल्या माणसाकडून मी हे ऐकत होते. मी चिडलेच. "तो ब्रॅकनेलला गेलाय काका, ट्रेननं. कॅन्टीनमध्ये जेवेल. तुम्ही खरंच हे मानता?"

"नाही," काका म्हणाले. "अजिबात मानत नाही. कपडे धुतल्यानं कुणी मरत नाही."

"मग प्लग कशाला काढता?"

ते टेबलाशी बसले. "कारण त्याला उद्या काही झालं, तर तू मशीन लावलं होतंस हे तुला आठवेल. लावलंच नाहीस तर आठवायला काही नाही. कुणाच्या माथी दोष नको, एवढंच."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गलबताचे तांडेल, म्हणजे कॅप्टनच. काका पाळण्यात असताना वैशाखातल्या शेवटच्या खेपेला कौलं भरून मुंबईकडे निघाले. दोन दिवसांनी वादळ झालं. गलबत, तांडेल, खलाशी, कशाचाही पत्ता लागला नाही. आणि ज्या दिवशी गलबत सुटलं त्या दिवशी काकांची आई व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुणं धुताना गावातल्या बायकांनी बघितली होती. गलबत सुटतं त्या दिवशी खलाश्याच्या घरात धुणं काढायचं नाही, पाण्याबरोबर माणूस वाहून जातो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ही तर तांडेलाची बायको. तिच्यापायी इतरांचेही नवरे गेले.

"भांडलं कुणीच नाही," काका म्हणाले. "पण ती विहिरीवर आली की बाकीच्या घागरी उचलून चालू पडायच्या. मी हे बघत मोठा झालो. मी एकटाच, मला भाऊ ना बहीण. आम्हा दोघांना बोलायला आम्ही दोघंच. ती आता नव्वदीला टेकली. अजून तिथेच आहे, इकडे येत नाही. तिनं त्या दिवसाबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. पण तिला वाटतं की तिनंच बुडवलं. तिनं मरण्याआधी हे तिच्या मनातून काढायचंय मला."

मी कपडे तसेच बादलीत भरून वर घेऊन गेले. त्यानंतर सोमवारी मी कधी मशीन लावलं नाही.

आयरिश स्कूनर आल्या कुठून, तेही मला मग कळलं. काका नोकरीत असताना एक म्हातारा मनगट मोडून आला होता, आयरिश वंशाचा, बडबड्या. हात प्लेटवर ठेवताना तो आपल्या आजोबांच्या बोटीबद्दल सांगू लागला आणि ओघात म्हणाला, बोट निघायच्या दिवशी आमच्या घरात धुणं नसायचं, आजी साबणाला हात लावायची नाही. काकांना असा धक्का बसला की म्हाताऱ्याचा हात हलला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही आणि तो एक्स-रे परत काढावा लागला. इतक्या लांबच्या, गोऱ्या, ख्रिस्ती बायका, आणि नियम तोच.

त्या दिवसापासून ते एकच गोष्ट शोधत होते. बुडालेली अशी एक बोट, की जिच्या खलाश्यांच्या घरात त्या दिवशी कुणीही धुणं काढलं नव्हतं. अशी एक बोट मिळाली की आईला सांगता येईल, बघ, पाळणाऱ्यांच्याही बुडतात. हे कुणालाही आधीच ठाऊक असतं असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मला ठाऊक आहे गं. तिला माणूस दाखवायला हवं. तिला पुस्तकातलं चालत नाही." पण पुस्तकांत बोटीचं नाव मिळे, माल मिळे, वारा कुठला होता ते मिळे. घरात धुणं होतं की नव्हतं, हे कोण लिहून ठेवणार? म्हणून ते कार्डिफमधल्या म्हाताऱ्या आयरिश माणसांना गाठून विचारत. अनेकांनी त्यांना वेडा ठरवलं. एकाच्या मुलानं त्यांना घराबाहेर काढलं.

आणि मग नोरा सापडली. कार्डिफच्या स्प्लॉट भागातल्या एका केअर होममध्ये राहणारी, नव्वदीच्या आसपासची, कानानं तल्लख आणि जिभेनं तिखट. तिची आजी आर्कलोतल्या एका कॅप्टनची बायको होती. काकांना रस्त्यावर गाडी चालवण्याचा आत्मविश्वास राहिला नव्हता, म्हणून एका शनिवारी मी त्यांना घेऊन गेले.

नोरानं बिस्किटं पुढे केली आणि विचारलं, "एक्स-रेवाल्याला माझ्या आजीशी काय करायचंय?"

काकांनी सगळं सांगितलं. आईचंही. नोरा खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली.

"माझा आजोबा आणि त्याचे दोन मुलगे एकाच बोटीवर होते," ती म्हणाली. "ओंडके भरून इकडेच, कार्डिफला यायला निघाले. आजीनं सगळं पाळलं होतं. धुणं नाही. केस विंचरले नाहीत. धक्क्यावरून मागे वळून बघितलं नाही. तिघंही गेले. ओंडके मात्र आले. वेल्सच्या किनाऱ्यावर कितीतरी दिवस येत राहिले."

काका पुढे झुकले. "नक्की? धुणं नव्हतं? कसं माहीत?"

"कारण ती मरेपर्यंत तेच सांगायची. मी साबणाला हात लावला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पोस्टमनला सांगायची. देवाशी तिनं बोलणं टाकलं होतं. चर्चमध्ये जायची, पण ओठ मिटून बसायची."

एवढी वर्षं शोधलेली बोट काकांना मिळाली होती. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नोराचे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटतं त्यांना तिथूनच आईला फोन लावायचा होता.

नोरानं हात सोडवून घेतले नाहीत. पण ती म्हणाली, "एक मला सांग. तुझ्या आईनं त्या दिवशी धुणं काढलंच का?"

"का म्हणजे?"

"तिला नियम माहीत होता ना? मग विसरली असेल असं मला म्हणू नकोस. बाई हे विसरत नाही. आमच्याकडे बायका आठवडाभराचे कपडे कोपऱ्यात कुजू देत, पण त्या दिवशी बादली भरत नसत. तिचं काहीतरी अडलं असणार. तू विचारलंस कधी?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मला उत्तर माहीत होतं. मग म्हणाले, "नाही." परतीच्या वाटेवर बंदराच्या डॉक्सवरून जाताना मी मुद्दाम गाडी हळू केली, तरी त्यांनी पाण्याकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी ते आईला फोन करत. गावात शेजारच्या घरी फोन होता, तिथे ती येऊन बसलेली असे. काकांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर लावून किचनमध्ये मोठ्यानं बोलणं चाले. घरादाराला ऐकू जाई आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्या रविवारी मी खालीच पोहे करत होते. उठून जाऊ का, असं खुणेनं विचारलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

आधी त्यांनी नोराच्या आजीची गोष्ट सांगितली. त्यांच्या मालवणीत आर्कलो आणि कार्डिफ अगदी देवगड-मालवणसारखे वाटत होते. पलीकडून नुसतं "हूं" येत होतं. गोष्ट संपली तेव्हा आई म्हणाली, "बिचारी. तिना सगळा पाळल्यान आणि तरी गेले. मगे तिना आपल्या जिवाक सांगल्यान तरी काय असतला?"

"आये, म्हणजे धुण्यान काय होणा नाय. कळला मा तुका?"

"माका म्हायत आसा रे. धुण्यान कोण बुडता?"

इतक्या वर्षांचं काम एका वाक्यात संपलं होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मगे एक सांग. त्या दिवशी धुणा काढलंस कित्याक?"

पलीकडे कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या.

"आता ह्या खय काढलंस? थय थंडी कशी आसा?"

"आये, सांग. तुका म्हायत होता मा?"

"म्हायत होता. सगळ्यांका म्हायत होता." मग ती थांबली. "घरात पोर आजारी होता. रातभर जुलाब. एक फडको सुको नव्हतो. पोराक ओल्यात ठेवूचा काय?"

काकांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. त्या घरात पोर एकच होतं.

"मगे सांगलंस कित्याक नाय कोणाक?" काकांनी विचारलं. "व्हाळावरच्या बायकांका सांगूचा होता. असा असा झाला म्हणान. इतकी वर्सां त्यांचा ऐकान घेतलंस!"

"सांगून काय करतंय? मगे पोराक पांढऱ्या पायाचो म्हणाले असते. बापाक खाल्ल्यान म्हणाले असते. त्या पोराक सगळो जलम काढूचो होतो." ती हे भांडी कुठली कुठे ठेवली ते सांगावं तसं सांगत होती. "माका म्हणाले. माका काय, मी मोठी होतंय."

काकांनी फोन जवळ ओढला.

"ऐकतंस मा?" आईनं विचारलं. "जेवलंस काय?"

"होय, आये," काका म्हणाले. अजून सकाळचा चहासुद्धा झालेला नव्हता.

फोन ठेवल्यावर ते खुर्चीतच पुढे वाकले आणि सत्तरीला आलेला माणूस रडतो तसे, आवाज न करता, रडले. इतकी वर्षं ते आईच्या डोक्यावरचं जे ओझं उतरवायला धडपडत होते, ते तिनं त्यांच्याच डोक्यावर बसू नये म्हणून उचललेलं होतं. मी गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

थोड्या वेळानं त्यांनी तोंड धुतलं, कपाट उघडलं आणि वरच्या खणातून एक जुनी कापडी बॅग काढली. तिच्यावरची धूळ झटकत म्हणाले, "उद्याचं मुंबईचं तिकीट मिळेल का गं?"

"मिळेल," मी म्हटलं. "पण एवढी घाई? पुढच्या आठवड्यात स्वस्त मिळेल."

"नको," काका म्हणाले. "वाऱ्याची वाट बघून झाली."